कड्यावरचा केळ्याचा वास

आम्हाला पन्नास काटे आणायचे होते. बाभळीचे नव्हेत, आग्या माशीचे. आणि तेही माशीने स्वतःहून, रागाच्या भरात दिलेले. माणिकगडाच्या मागच्या अंगाला एक उघडा कडा आहे. दर हिवाळ्यात तिथे आग्या मोहोळं बसतात. तिथवर चढायचं, माश्यांना चिडवायचं, त्यांचे काटे काचेच्या कुप्यांत हेक्झेन नावाच्या द्रावकात बुडवायचे, बर्फात ठेवायचे आणि सोमवारी सकाळी मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचवायचे, असा एकंदर बेत होता. काटे ताजे असावेत अशी प्रयोगशाळेची अट होती. माणसांच्या स्थितीबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं.

हे सगळं बिल्कीससाठी चाललं होतं. पनवेलच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होतो, आणि त्या बावीस वर्षांत माझ्याकडे संशोधनाला आलेली ही पहिलीच विद्यार्थिनी. बाकीचे वर्गात यायचे, पण संशोधनाला नव्हे. तिचा विषय होता माशीची हाक. माशी चावते तेव्हा काटा कातडीत रुतून राहतो आणि त्यातून एक वास सुटतो. त्या वासाचा अर्थ बाकीच्या माश्यांना बरोबर कळतो : शत्रू इथे आहे, या, इथेच चावा! या वासातलं मुख्य द्रव्य म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट. पिकल्या केळ्याला जो वास येतो तो त्याचाच. कुल्फीत केळं न घालता केळ्याची कुल्फी बनते तीही त्याच्याच कृपेने.

घोटाळा इथेच झाला होता. मागच्या वर्षी बिल्कीसने कॉलेजच्या पाण्याच्या टाकीखालच्या पोळ्यातले नऊ काटे तपासायला पाठवले. यंत्राने कागदावर आलेखाचं एकच शिखर काढलं, केळ्याचं. पुस्तकं मात्र सांगत होती की आग्या माशीच्या काट्यात आणखी एक, जड द्रव्य असतं. ते कुठेच नव्हतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख अरुंधती मॅडम यांनी शेरा मारला : ‘नमुन्यात बाजारी इसेन्स मिसळल्याचा संशय.’ आता बिल्कीसचे वडील, मुश्ताकभाई, यांचं पनवेलच्या बाजारात अत्तरांचं आणि इसेन्सचं दुकान. तालुक्यातल्या निम्म्या कुल्फीवाल्यांचं केळं त्यांच्याच बाटलीतून निघतं. योगायोग असतात, पण इतके आज्ञाधारक नसतात. दोन महिन्यांत खुलासा द्या, नाहीतर पीएच.डी.ची नोंदणी रद्द, असं विद्यापीठाचं पत्र आलं. नोंदणी एक वेळ परत मिळाली असती. ‘भेसळ करणारी’ हे नाव एकदा चिकटलं असतं तर सुटलं नसतं.

म्हणून मोहीम. वन खात्याची परवानगी अठ्ठावीस दिवसांत मिळाली. तीत ‘मधमाशी, नग पन्नास’ असं लिहिलं होतं. एक्कावन्नावी माशी चावली तर तिला काय दाखवायचं, हे कुणी सांगितलं नाही.

पथकात चौघं. मी, बिल्कीस, मुश्ताकभाई आणि जासईचे जगन घरत. मुश्ताकभाई का? तर मुलगी कड्यावर लटकणार आणि बाप गल्ल्यावर बसणार, हे त्यांना मान्य नव्हतं. जगनशेठ का? तर माणिकगडाच्या पायथ्याला त्यांचं आजोळ, तिथली प्रत्येक वाट त्यांना लहानपणापासून पाठ. शिवाय त्यांच्या घरच्या मिठागरावर आता कंटेनर उभे असले, तरी एक तुकडा त्यांनी हट्टाने राखला होता आणि त्यातलं मीठ ते स्वतः काढत. बर्फात मीठ घातलं की बर्फ आणखी गार होतो, हे मी त्यांना शास्त्रीयदृष्ट्या समजावू लागलो तेव्हा ते म्हणाले, “सर, कुल्फीचा गाडा आमच्या आळीत तुमच्या आधीपासून हाय.” मासळी बाजारातली थर्माकोलची पेटी, दोन लाद्या बर्फ आणि अर्धं पोतं मीठ त्यांनी आणलं. जगातली चांगली प्रयोगशाळा याहून फार वेगळी नसते. तिथे फक्त पेटीला बोंबलांचा वास येत नाही. त्यावरही बिल्कीसने उपाय केला होता. कुप्यांना काचेची बुचं आणि वर तीन थर ॲल्युमिनियमची पन्नी.

तिची शिस्त कडक होती. तीन दिवस आधीपासून कुणी साबण, तेल, पावडर, पान, कशालाही हात लावायचा नाही. मुश्ताकभाईंना दुकानात पाऊल टाकायची बंदी. तिथे पुतण्या नावेद बसला. ज्या माणसाने तीस वर्षांत कानामागे अत्तराचं बोट फिरवल्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता, तो रविवारी पहाटे माझ्यासमोर जीपमध्ये बसला तेव्हा अंगावर कपडे नसल्यासारखा संकोचून बसला होता.

“सर, माणसाला स्वतःचा वास असतो,” ते हळूच म्हणाले. “मला ठाऊक नव्हतं. अल्ला, किती वाईट असतो!”

“अब्बा, तुमचा नाही तो,” बिल्कीस मागून म्हणाली. “जगनकाकांची पेटी आहे.”

पळस्पे मागे पडलं, रसायनी ओलांडली. आयुष्यभर रसायन शिकवून त्या गावात मी कधी उतरलो नव्हतो. त्या दिवशीही उतरलो नाही. पायथ्याला जगनशेठच्या मामी, चंद्रावतीबाई, अंगणातच उभ्या होत्या. सगळा बेत ऐकून त्यांनी आम्हा चौघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भाच्याला म्हणाल्या, “मध आणायला जातात ते मला कळतं रं. काटं आणायला कोन जातं?”

तरी जाताना त्यांनी आपली काळी घोंगडी जगनशेठच्या खांद्यावर टाकली. वर गार वारा असतो म्हणून.

*

पहिले दोन तास चढ सरळ होता, म्हणजे सरळ वर होता. कारवीचं रान वाळून कडकडत होतं, पायाखाली मुरूम सटकत होता. खाली धुक्यात पाताळगंगेचं पात्र चमकायचं, पुन्हा बुजायचं. एखादा शिक्रा कड्याच्या सावलीतून बाहेर यायचा, उन्हात एक फेरी मारून पुन्हा आत शिरायचा. मी दर पन्नास पावलांवर निसर्ग पाहायला थांबत होतो. निसर्ग फारच सुंदर होता. बिल्कीस पाठीवर बारा किलोचं ओझं घेऊन पुढे चालत होती आणि दर वळणावर माझ्यासाठी थांबत होती, पण पाण्यासाठी थांबल्यासारखं दाखवत होती. माझ्या विद्यार्थ्यांमध्ये शिष्टाचार कधी कमी पडला नाही.

सोंडेवर एक घसरडा उतार आडवा आला. वीस फूट लांब, खाली काहीच नाही. जगनशेठ पहिले पार झाले, दोर अंजनीच्या खोडाला बांधला. मग बिल्कीस, मग मी. मुश्ताकभाई मध्येच थांबले.

“खाली बगू नका, मुश्ताकभाय!”

“बघत नाही. डोळे मिटलेत.”

“आवो, डोले मिटून कसं चालताव?”

“मग तुम्हीच ठरवा ना, उघडू की मिटू!”

ते आले. डोळे मिटून आले, पण आले.

साडेआठला आम्ही कड्याच्या माथ्यावर होतो. तिथून एक अरुंद घळ खाली उतरत होती आणि घळीच्या तोंडाशी, दीड हात रुंदीची एक फळी होती. दगडाचीच, देवाने तासलेली. फळीपासून दहा-बारा फुटांवर पोळं लोंबत होतं. दाराएवढं, काळसर, चकाकतं. आणि ते हलत होतं! माश्या एकाच वेळी पोट वर उचलत, आणि ती उचल एका कडेकडून दुसरीकडे लाटेसारखी सरकत जाई. सरsर... सरsर... हजारो माश्या, पण अंग एकच.

“आम्हाला पाहिलंय त्यांनी,” बिल्कीस कुजबुजली. “ही सूचना आहे. अजून राग नाही.”

बेत असा : माथ्यावर जगनशेठ दोर धरून. घळीत मध्यावर मुश्ताकभाई. फळीवर बिल्कीस आणि मागे मी, दोघंही काखेतून त्याच दोराला बांधलेले. तिच्या हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला काळ्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचा, धुतलेला तुकडा. तो पोळ्यासमोर हलवायचा. माश्या काळ्या, लोकरी गोष्टीवर आधी तुटून पडतात. पन्नास काटे रुतले की बांबू मागे, आणि आम्ही वर. आम्ही दोघांनी पांढरे कपडे, डोक्यावर जाळ्या चढवल्या. बिल्कीसने पिशवीची गाठ सोडून जाड चामड्याचे हातमोजे काढले. कुवेतच्या चुलतभावाने ते खास तिच्यासाठी पाठवले होते. तिने ते चढवले, बांबू उचलला.

ऊन कड्यावर आलं. आधी माथ्यावर, मग फळीवर, मग तिच्या हातांवर. चामडं तापू लागलं.

नमदा पोळ्यापासून पाच फुटांवर होता. चार. एकही माशी उठली नव्हती.

“केळं!” घळीतून मुश्ताकभाईंचा आवाज आला. “बिल्कीस! केळ्याचा वास येतोय!”

“अब्बा, गप्प! अजून एकही चावली नाहीये!”

“तेच म्हणतोय मी! चावली नाही, मग वास कुठून?”

मग ते ओरडले, असे की पलीकडच्या डोंगराने ऐकलं असेल. “मोजे! बेटा, मोजे! आठवडाभर दुकानातल्या माझ्या कपाटात होते, इसेन्सच्या खणात! काढ ते!”

उशीर झाला होता. पोळ्याची लाट थांबली. काळी कातडी फाटावी तशी ती फाटली आणि आतून आवाज आला. घोंगावणं नव्हे. लोखंड ओढल्याचा आवाज!

पहिला काटा जाळीतून माझ्या मानेत. दुसरा कानात. मग मी मोजणं सोडलं. नमद्यावर माश्यांचा घोस लटकला. बिल्कीसच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत माश्याच माश्या!

“फेकून दे!” मी ओरडलो.

तिने बांबू काखेत धरून एक मोजा ओढला, दुसरा ओढला, आणि दोन्ही दरीत भिरकावले. निम्मा थवा मोज्यांच्या मागे खाली गेला. खरोखर गेला! काळी शेपटी दरीत उतरताना मी पाहिली. उरलेला निम्मा आमच्यासाठी पुरेसा होता.

“वढतो! धरा!” वरून जगनशेठ.

दोर ताणला. बिल्कीस घळीत शिरली, एका हाताने दोर, दुसऱ्या हातात अजून बांबू! मी मागे. पाय सटकला. गुडघा फुटला. दोराने काखेत कचका दिला आणि मी हवेत लोंबलो. दोन श्वास. तीन. मग मुश्ताकभाईंनी माझी कॉलर धरली आणि डोळे सताड उघडे ठेवून मला वर खेचलं.

“कारवीत पळा! कारवीत!” जगनशेठ ओरडत होते. आम्ही पळालो. माझ्या वयाचा प्राध्यापक असा पळू शकतो, हे विद्यापीठाला कळवायला हवं. कारवीच्या मागे खडकात एक कपार होती. चौघंही तिच्यात कोंबले गेलो आणि जगनशेठनी घोंगडी तोंडावर ओढून घेतली.

*

अंधार. चार माणसांचे श्वास. बाहेरून लोकरीवर टप्, टप्, टप्. गारा पडाव्यात तशा माश्या आदळत होत्या.

“किती चावल्या?” बिल्कीसने विचारलं.

“मोजायला हात मोकळा नाही,” मी म्हणालो. माझा डावा डोळा बंद झाला होता, उजवा त्याच्या पाठोपाठ निघाला होता, आणि बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. बिल्कीसने चाचपून मोजले तेव्हा एकोणीस भरले. मुश्ताकभाईंना अकरा, बिल्कीसला सात, जगनशेठना दोन.

“दोनच?” मुश्ताकभाई म्हणाले.

“मिठातला मानूस हाय मी. त्यांना खारट लागलो आसल.”

बिल्कीसने नखाने खरवडून आमचे काटे काढले. चिमटीत धरून ओढायचे नाहीत. पिशवी दाबली जाते, उरलेलं विष आत जातं. एवढं झाल्यावर तिने आपले हात हुंगले. मग म्हणाली, “अब्बा, मागच्या वर्षी माझ्या रिकाम्या कुप्या कुठे ठेवल्या होत्या?”

मुश्ताकभाईंनी माझ्या शेजारी अंग चोरलं.

“घरात पोरं फोडतील म्हणून तुम्ही नेल्या होत्या.”

“कपाटात,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. “त्याच खणात. बूच सैल होतं. मी विचार केला, कुलूपबंद जागा आहे, बरी आहे.”

नऊ काट्यांतलं द्रव्य ते केवढं! आधीच कुपीत मुरलेल्या वाफेपुढे त्याचा टिकाव काय लागणार. म्हणजे अरुंधती मॅडमचं नाक पन्नास किलोमीटरवरून बरोबर होतं. फक्त त्यांनी चुलीतला धूर पाहून आगलाव्या शोधला होता.

“माझ्यामुळे,” मुश्ताकभाई म्हणाले. “पोरीचं नाव माझ्या कपाटाने...”

“अब्बा, नंतर रडा. हलू नका, माश्या आत येतील.”

अर्धा तास गेला. टप् टप् कमी झालं, पण थांबलं नाही. जगनशेठ वैतागले. “आता काय हाय यांचं? मोजं तर खाली गेलं!”

मुश्ताकभाईंनी नाक घोंगडीला लावलं. एकदा. पुन्हा एकदा. रडणं थांबलं होतं. तीस वर्षांचा अत्तरवाला परत आला होता.

“केळं उडालं,” ते म्हणाले. “पण खाली एक बसलाय.”

“कोण?”

“दुसरा वास. तेलकट आहे, हिरवा, जरासा मेणासारखा. आधी केळ्याने झाकला होता. अत्तरातही असंच असतं, सर. वरचा गिऱ्हाइकाला दुकानात आणतो, खालचा त्याच्याबरोबर घरी जातो.”

बिल्कीसने माझा दंड इतक्या जोरात दाबला की तिथला विसावा काटा मला सापडला.

“डेसिनिल ॲसिटेट!” ती म्हणाली. “सर, तेच! रेणू मोठा, उडायला जड. म्हणून या अजून जात नाहीयेत!”

पुस्तकात हे द्रव्य मी वाचलं होतं. पण माणसाने ते नाकाने, अंधारात, घोंगडीखाली ओळखलेलं माझ्यासमोर पहिल्यांदाच घडत होतं. माझा ऊर भरून आला. जागा नसल्यामुळे तो फार भरू शकला नाही.

*

आणखी तासाभराने बाहेर शांत झालं. बांबू कारवीत पडला होता. नमद्यावर काटेच काटे. साठ तरी असतील.

मी खरं सांगतो. माझ्या मनात आलं : मोज्यांनी तिने बांबू धरला होता, नमदा नव्हे. थोडी वाफ लागली असेलही. नसेलही. पण आता जड द्रव्य दिसेल, नोंदणी वाचेल, आणि या डोंगरावर आमच्याशिवाय कोण आहे? मी तसं म्हणणारच होतो.

“नमदा सकाळी मीच बांधला, सर,” बिल्कीस म्हणाली. “मोजे घालून पुन्हा घट्ट केला.” आणि तिने तो बांबूवरून सोडून, चुरगाळून, कचऱ्याच्या पिशवीत टाकला. साठ काटे! मी तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. सूज असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

“मग आता परत चिडवायचं काय त्यांना?” जगनशेठ म्हणाले.

“नाही, काका. चिडवून झालंय.” ती घोंगडीकडे बघत होती.

चंद्रावतीबाईंची घोंगडी उन्हात पसरली होती. काळी, जाड, लोकरी. त्या घोंगडीने कधी अत्तराचं दुकान पाहिलं नव्हतं. आणि तिच्यात, केसाकेसांत, अजून हलणाऱ्या विषाच्या पिशव्यांसकट, शेकड्यांनी काटे उभे होते.

पण काढणार कोण? बिल्कीसच्या हातांना मोज्यांचा वास. मुश्ताकभाई म्हणजे चालतंफिरतं दुकान. माझी बोटं वांग्यासारखी, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. तिघांनी जगनशेठकडे पाहिलं. म्हणजे दोघांनी, मी मान वळवली.

“माज्या हातानं? हे बारीक काम?” त्यांनी तळवे पुढे केले. मिठाने भेगाळलेले, फावड्याएवढे.

“काका, मिठागरात वरची पांढरी साय कशी काढता? खालचा चिखल न हलवता?”

“ती काय, फळी फकस्त टेकवायची. दाबायची नाय.”

“तसंच.”

ती दहा फूट लांब, हात पाठीमागे धरून, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभी राहिली. जगनशेठ मांडी घालून बसले. चिमटा त्यांच्या मुठीत हरवला. पहिला काटा. लोकरीतून सुटा, पिशवीसकट अख्खा, कुपीत. दुसरा. तिसरा. कपाळावरून घाम टपकू लागला की ते मान बाजूला करत, घाम कुपीत पडू नये म्हणून. पस्तिसावर पोळ्याकडून दोन माश्या आल्या आणि त्यांच्या मनगटावर फिरू लागल्या.

“काका, हलू नका!”

“कोन हलतंय? ती फिरती, मी काम करतो.”

माश्या गेल्या. पन्नास झाले. नेमके पन्नास, परवानगीच्या कागदाची आठवण त्यांनीच करून दिली. मग बिल्कीसने घोंगडीचा एक काटा नसलेला कोपरा कापायला सांगितला. नुसत्या लोकरीत काय असतं हेही यंत्राला दाखवायला हवं होतं. जगनशेठनी पहिल्यांदाच हात आखडता घेतला.

“मामी माजा जीव घेईल.”

“मी सांगेन त्यांना.”

“तू सांगशील तवर माजा गेलेला आसल!” पण त्यांनी कापला. कुप्या बर्फात, मिठाच्या थरांत गेल्या. खाली उतरल्यावर चंद्रावतीबाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, बिल्कीसच्या सुजलेल्या हातांकडे पाहिलं, आणि चुना आणायला आत गेल्या.

*

सोमवारी दुपारी यंत्राने कागद बाहेर ढकलला. केळ्याचं शिखर छोटं, आणि पुढे, बरंच पुढे, दुसरं. उंच, टोकदार, माणिकगडासारखं. लोकरीच्या कुपीत दोन्ही नव्हती. बाजारच्या कुठल्याही बाटलीत हे दुसरं द्रव्य मिळत नाही. अरुंधती मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “मागचा शेरा मी मागे घेते. विषय संपला.”

“नाही, मॅडम.” बिल्कीस उभी राहिली. “मागच्या नमुन्यात खरंच इसेन्स होतं. कुप्या आमच्या दुकानात राहिल्या होत्या. मिसळलं कुणी नाही, पण शिरलं होतं. ते मला लिहायचंय.”

“ते लिहायची आता गरज नाही, बेटा. कुणी विचारणार नाही.”

“म्हणूनच.”

तिने तिथेच बसून लिहिलं. पहिला नमुना रद्द, कारण अमुक, चूक आमची. मुश्ताकभाईंनी ते वाचलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली, दुकानाच्या पत्त्यासकट. अरुंधती मॅडमनी उभं राहून कागद हातात घेतला. मी भिंतीकडे पाहत होतो. डोळ्यांची सूज उतरली नव्हती, एवढंच कारण.

मग संगणकावरचा अर्ज भरायचा होता. नमुना कुणी गोळा केला? जगन घरत, जासई. पुढचा रकाना रिकामा सोडता येईना. संकलकाची शैक्षणिक अर्हता. मॅडमनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मागे मिठागरावरचा वारा ऐकू येत होता.

“जगन घरत, तुमचं शिक्षण काय लिहू?”

“लिवा,” जगनशेठ म्हणाले, “पन्नास काटं काडलं, येक पन मोडला नाय.”

मॅडमनी तसंच्या तसं टाइप केलं. संगणकाने घेतलं.